पार्सल नाकारणारी बाई

बारसं शनिवारी होतं, आणि बुधवारी कुरिअरच्या साइटवर दिसलं की पार्सल कस्टमरने नाकारलं. कस्टमर म्हणजे मी. आठवडाभर बेल वाजली की बाळाला खांद्यावर घेऊन दाराकडे धावणारी मी, आणि मीच पार्सल नाकारलं म्हणे.

पाठवलं होतं सासूबाईंनी, साताऱ्याहून इथे दुबईला. सासरे मागच्या वर्षी गेले. त्यांची दोन धोतरं सासूबाईंनी जपून ठेवली होती, त्या धोतरांचंच त्यांनी नातीसाठी दुपटं शिवलं. गुडघ्यांमुळे त्यांना येणं शक्य नव्हतं. म्हणून नातीला त्या दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घालायचं आणि त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघायचं, असं ठरलं होतं.

खाली जाऊन वॉचमनला विचारलं. एक जण आला होता म्हणाला, पण ज्या मॅडमना शोधत होता त्या या बिल्डिंगमध्ये राहतच नाहीत. नाव काय, ते त्याला आठवेना. कॉल सेंटरच्या मुलीने माझं नाव मॅच होत नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याचंही होईना. मग पार्सल आहे तरी कुणाच्या नावावर? ते प्रायव्हसीमुळे सांगता येत नाही. उद्या संध्याकाळी ते परत इंडियाला जाणार, हे मात्र तिने लगेच सांगितलं. माझं डोकंच चालेना. सासूबाईंनी पत्ता चुकवला असणार, असा मनातल्या मनात ठपकाही ठेवून मोकळी झाले. त्यांना विचारावं तर त्या धसका घेणार. नवरा म्हणाला, "यल्ला, चल, गोडाऊनलाच जाऊ."

गुरुवारी बाळाला मागच्या सीटवर घेऊन अल नहदाहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क गाठलं. काउंटरवरच्या केरळी माणसाने आतून पार्सल आणलं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, वर सासूबाईंचं टपोरं अक्षर. त्याने नावावर बोट ठेवलं.

"ये लेडी कौन है?"

मी ते नाव वाचलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं, सासूबाईंनी हौसेने निवडलेलं ते माझं सासरचं नाव. मी ते पासपोर्टवर घेतलं नाही, नवऱ्याच्या तोंडीही कधी बसलं नाही, आणि चार वर्षांत मी ते साफ विसरून गेले होते. सोमवारी कुणीतरी फोन करून हेच नाव विचारलं होतं. बाळ रडत होतं. राँग नंबर म्हणून मी फोन ठेवून दिला होता.

"मैं ही हूँ," मी म्हणाले.

त्याने माझं एमिरेट्स आयडी बघितलं, मग मला बघितलं. नवरा त्याला तांदळाचं समजावून सांगायला लागला, तसा तो आणखीच गोंधळला. शेवटी त्याने पार्सलवर लिहिलेला नंबर फिरवला आणि माझ्या हातातला फोन वाजला. "खलास," म्हणत त्याने सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी ते नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

गाडीत बसल्याबसल्या सासूबाईंना फोन लावला. पार्सल मिळालं म्हटल्यावर त्यांनी आधी एकच विचारलं, "उशीर का झाला गं? नाव नीट लिहिलं होतं ना मी?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

"अगदी नीट लिहिलं होतंत, आई," मी म्हणाले. "मीच ओळखलं नाही."