एकटीचं नाव

सोललेलं बिरडं पाकिटात भरून विकायची कल्पना माझ्या नणंदेची. त्यांचं सासर पेणला, मी राहते रोह्याच्या पलीकडे अष्टमीत. मी वाल भिजवून, मोड आणून सोलायचे आणि त्यांनी पेणच्या दुकानांत पोचवायचे, असं ठरलं. दुकानदार पक्कं बिल मागायला लागले, तेव्हा धंद्याची नोंद करणं भाग पडलं.

पेणच्या कर सल्लागाराने नीट समजावलं. एकीच्या नावाने केलं तर सोपं, पण सगळी जबाबदारी तिची. भागीदारीत दोघींची, आणि एकीनं केलेलं दुसरीलाही निस्तरावं लागेल. तिसरी वाट मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीची; त्यात घरादाराला सहसा धक्का नाही, पण दरवर्षीची कागदपत्रं फार.

मी विचारात पडले, तोवर वन्सं बोलून मोकळ्या झाल्या, "हिच्या एकटीच्या नावानं करा. माझं नाव नको."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सासूबाईंच्या मागे पितळेची भांडी वाटताना एक झाकणसुद्धा न सोडलेली ही बाई अख्खा धंदा मला देते? बिरडं नाशवंत. कुणाचं पोट बिघडलं, तर कागदावर कोण? मी. आणि दुकानदार सगळे त्यांच्या ओळखीचे. उद्या त्यांनी वेगळं पाकीट काढलं तर माझ्या हाती नुसती सालं.

घरी बोलले तर नवरा म्हणाला, "ताई तशी नाय गो." बहिणीबद्दल भाऊ दुसरं काय म्हणणार?

मग मी बारीक लक्ष ठेवू लागले. पाकिटावर पेणचा पत्ता छापायला वन्संनी नकार दिला. माझा फोन आला की त्या "थांब, अंगणात जाते" म्हणून मगच बोलायच्या. शेवटी एका मंगळवारी न कळवता मी पेण गाठलं आणि आधी सल्लागाराकडे गेले.

"माझ्या नणंदबाई एकट्या येऊन गेल्या का?"

"येऊन गेल्या. काय विचारलं ते मात्र त्यांनाच विचारा."

म्हणजे संशय खरा! तडक त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. "या वहिनी," ते हसत म्हणाले, "आमच्या हिला कामाला ठेवलीत, पगार कधी वाढवताय?"

पगार? मी वन्संकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि मला मागच्या पडवीत नेलं.

"माझ्या शिलाई मशीनचं काय झालं, ठाऊक हाय तुला?" त्या हळूच म्हणाल्या. "मला न विचारता विकली. त्याआधी भिशीही यांनीच उचलली. माझ्या नावाचं काय असलं की ते यांचं होतं. म्हणून नाव नको म्हटलं, घरात तुझ्याकडे पगारावर हाय असंच सांगितलं."

"आणि सल्लागाराकडे?"

"नाव घातलं तर नवऱ्याची सही लागते का, ते विचारलं. नाय लागत म्हणाले. तरी धीर होईना."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, भीती गेली नाही. त्यांचं कारण खरं होतं, तसा माझा धोकाही खरा होता. मी म्हटलं, "वन्सं, एकटीच्या नावावर मी करणार नाय. दोघींची नावं घाला, नायतर राहू द्या."

त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "पत्ता तुझा टाक."

पुढच्या आठवड्यात भागीदारीचा करार झाला. मी प्रत्येक पान दोनदा वाचलं, वाटा, बँकेत दोघींची सही, एकीनं सोडलं तर काय, सगळं. वन्संनी न वाचता सह्या केल्या. त्यांच्या त्या भरवशाचाही मला क्षणभर संशय आला.

दोन महिन्यांनी एका दुकानदाराकडून वन्संच्या यजमानांना कळलंच. ते तावातावाने अष्टमीला आले, "ही भागीदार? मला विचारलं कुणी?" मी उत्तर देणार, तेवढ्यात त्या दिवशी माझ्याकडे सोलायला आलेल्या वन्संच म्हणाल्या, "विचारायचं नव्हतं म्हणूनच नाय विचारलं."

ते चहा न घेता परत गेले. वन्संनी सोललेले वाल पाण्यात टाकले आणि मला म्हणाल्या, "त्या करारात काय काय लिवलंय, ते आज वाचून दाखव मला."