गप बसण्याची खीर

माझा आवाज मूळचाच दणकट. नांदेडात मी बायकोच्या कानात कुजबुजलो तरी मुदखेड जंक्शनवर लोक घोषणा झाली म्हणून बोचकी उचलतात. वस्तीतल्या विहारात मी ध्यानाला बसलो की कुणाचं चित्त फार वेळ टिकत नाही. आधी मी खोकतो, मग शेजाऱ्याला पंखा वाढवायला सांगतो, मग भन्तेजी नाइलाजानं डोळे उघडतात आणि ध्यान संपतं.

गेल्या पौर्णिमेला खीरदानाचा मान पहिल्यांदाच आमच्या हिला मिळाला. खिरीच्या बाबतीत वस्तीतल्या बायका हायकोर्टापेक्षा कडक. हिनं पहाटेपासून दूध असं आटवलं की पातेल्यात डाव सोडला तर उभाच राहील. सकाळी विहाराच्या मागच्या ओसरीत पातेलं बारीक गॅसवर ठेवलं आणि मला दम भरला.

"अहो, आज ध्यानात तोंड उघडलात ना, तर तुमच्या वाट्याची खीर म्हशीला घालीन."

"हाव," मी मान डोलावली.

वंदना झाली, ध्यान सुरू झालं. मी ओठ असे आवळले की मिशा दाढेखाली आल्या. हॉलमध्ये शांतता पसरली. विहाराच्या पायाभरणीपासून अशी शांतता तिथं कुणी ऐकलेली नव्हती. भिंतीवरची पालसुद्धा बावरली. भन्तेजींना ती शांतता इतकी गोड लागली की ध्यान थांबवायचं त्यांच्या मनातच येईना.

मग वास आला. खीर खाली लागत होती.

मी एक डोळा किलकिला केला. सगळ्यांच्या नाकपुड्या हलत होत्या, डोळे मात्र गच्च. ध्यान आधी कोण मोडणार? हिचा चेहरा पार उतरला होता; पण मला दम भरून स्वतःच कशी उठणार? भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणजे दुसरी खीर शिजवायला सवड नाही. बोंब माझ्या गळ्याशी आली होती. मी गिळली.

तेवढ्यात डोळे मिटूनच भन्तेजी संथपणे म्हणाले, "आत येणाऱ्या श्वासाकडं लक्ष द्या. त्याला खीर लागल्याचा वास येऊन राहिलाय. कुणीतरी गॅस बंद करा."

जे हसू फुटलं, त्यानं छताचे पत्रे चार बोटं वर उचलले गेले. भन्तेजींच्या अंगावरचं चीवर गदगदा हलत होतं. हीच तेवढी हसली नाही. गॅस बंद करून ओसरीच्या दारात आली, हातात डाव.

"लग्न झाल्यापासून एक दिवस गप बसला न्हाईत. आन् बसलात ते नेमके आज?"

"तूच म्हणलीस की!"

ती डाव उगारून पुढं आली आणि अर्ध्या वाटेत तिलाच हसू आलं. डाव टाकून, पोट धरून खालीच बसली.

हसून हसून सगळे दमले आणि कुणी सांगितलं नसताना गप झाले. डोळे उघडे, पाठी वाकड्या, कुणी कुणाच्या खांद्याला टेकलेलं. मला बोलावंसंच वाटेना. आवळून धरलेलं सगळं सुटलं होतं.

भन्तेजींनी भिक्षापात्र पुढं केलं. ही घाबरत घाबरत वरवरची खीर वाढू लागली.

"खरवड न्हाई का, ताई?" भन्तेजींनी विचारलं.

झालं! हायकोर्ट उठलं आणि बायका वाट्या घेऊन पातेल्यावर तुटून पडल्या. एक आजी तर अर्धी पातेल्यातच होती. त्या लुटालुटीतून हिनं खरवडीचा मोठा तुकडा वाचवून माझ्या तोंडात कोंबला.

"आता बोला की," ती म्हणाली.

मी चावत होतो.