दवंडीची मजुरी

पावसाने ओढ दिलेल्या एका वर्षी, चैत्रात, उमापुरात पांजरपोळाची दवंडी फिरली आणि संध्याकाळपर्यंत गावातला कडबा अंगणांतून घरांत गेला.

पांजरपोळ गेवराईत होते. वैरण संपलेल्या लोकांची गुरे तिथे पाऊस पडेपर्यंत फुकट सांभाळत. कारभार तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका पेशकारांकडे होता, मी त्यांच्या हाताखाली होतो. शिल्लक चारा जेमतेम येत्या बाजारापर्यंत पुरणार होता. पुढे गुरे ज्याची त्याला परत द्यावी लागली असती. जवळच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गुराख्याच्या दोन गाई आमच्याकडे होत्या. त्याच्या घरी काडी नव्हती. गाई परत मिळाल्या असत्या तर खाटकाशिवाय त्यांना गिऱ्हाईक नव्हते.

गुरांसाठी आलेल्या दानातून माणसाची मजुरी द्यायची नाही, असा तिथला दंडक होता. त्यामुळे कडबा मागणाऱ्या दवंडीला पैसा नव्हता. पेशकारांनी जुन्या ओळखीवर तहसिलीचा दवंडीवाला फुकट मागून घेतला.

मी त्याच्याबरोबर उमापूरला गेलो. एका बाईने दारातच सांगितले, "वैरण न्हाई." तिच्या मागे उंबऱ्याशी कडब्याची धाटे दिसत होती. अंमलदारांचा दौरा आला की घोड्यांसाठी गावचा कडबा उचलत आणि दाम क्वचितच मिळे.

परत आल्यावर पेशकारांनी दवंडीवाल्याला विचारले, "पांजरपोळ म्हणून सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं की, मालक. पण माझ्या अंगावरचा सरकारी पट्टा बघितल्यावर कोण ऐकतंय?"

पेशकार दवंडीच्या मजुरीसाठी गेवराईतल्या तेल्याकडे गेले.

"पेंड मागा, देतो. दवंडीला कावून पैसे?" तेली म्हणाला.

"पेंड दोन दिवसांत संपेल. गावाला कळलं तर गाड्या येतील."

"मग दवंडीत माझ्या घाण्याचं नाव घ्या."

धर्माच्या कामात दुकानाचे नाव नको, असे पांजरपोळाच्या पंचांचे मत होते. पेशकारांनी पंचांना विचारले नाही. त्यांनी पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी उमापूरचाच हलगीवाला लावला. तो चावडीसमोर ओरडला, "ही दवंडी सरकारची न्हाई. कडबा पांजरपोळाच्या गुरांना पायजे. हलगीची मजुरी गेवराईच्या तेल्यानं दिली. त्याच्या घाण्याचं तेल चांगलं हाय."

"तेली कावून देतो बे पैसे?" पारावरून एकाने विचारले.

"त्याचं तेल खपावं म्हणून."

लोक हसले. "मग खरं हाय," विचारणाराच म्हणाला आणि उठून गाडी जुंपायला गेला.

बाजाराच्या आदल्या दिवशी उमापूरहून कडब्याच्या गाड्या आल्या. बाजारादिवशी सकाळी तो गुराखी गाई न्यायला दोन दावी घेऊन पांजरपोळात आला. पेशकारांनी त्याला चारा आल्याचे सांगितले. त्याने मागे जाऊन गंज पाहिली, कडब्याची एक पेंढी उपसून हुंगली, गाईंपुढे टाकली. मग दावी खांद्यावर टाकून तो वाडीला परत गेला.