चुकलं, दाजी

भर मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर एका सरळमार्गी सरकारी नोकराला अनवाणी उभं करायचं, "दाजी, फक्त चाला" म्हणून सांगायचं, आणि तो बिचारा तळपाय भाजत चालला की "चुकलं, यात अभिनय आला" असं म्हणून नाक मुरडायचं, हे करू शकणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला. दुर्दैवानं तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ होता. आमच्या लग्नात कानपिळीला तो पुढे आला तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. इतरांचे मेव्हणे कान पिळतात, हातात ठेवलेलं घेतात आणि पंगतीला जाऊन बसतात. यानं माझा कान धरला तो सोडेचना. डावीकडे पिळून पाहिला, उजवीकडे पिळून पाहिला, दोन पावलं मागे सरकून पुन्हा पाहिला. भटजी खोळंबले, मंडपात हशा झाला, आणि हा गंभीरपणे म्हणाला, "दाजी, तुमची मान फार प्रामाणिक वळते." माझ्या मानेबद्दल त्यानं काढलेला हा पहिला आणि शेवटचा चांगला शब्द.

माझे सासरे अमळनेरला तेलाच्या गिरणीत हिशेबनीस होते. मुलगा बडोद्याला कॉमर्स शिकतोय या समजुतीत त्यांनी चार वर्षं काढली. चौथ्या वर्षी मुलगा परत आला आणि ओसरीवर चहा पिता पिता त्यानं सांगितलं की मी आधुनिक नृत्य रचायला शिकलो आहे. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत, त्यांना खरोखरच कळेना. म्हणाले, "नाचाकरता बडोदाले जावानी काय गरज व्हती? लगीनमा बठ्ठाच नाचतस." त्यानंतर घरात जे काही झालं त्याचा शेवट असा, की हा चार दिवस बहिणीकडे म्हणून जळगावला आला आणि कायमचा राहिला. मुलींच्या एका शाळेत त्याला कवायत शिकवायची नोकरी मिळाली. तिथंही सावधान, दहिने मूड वगैरेत त्याला रस नव्हता. 'विश्राम' मात्र तो मुलींना अर्धा अर्धा तास करायला लावायचा, कारण त्याच्या मते संपूर्ण कवायतीत तेवढंच अवघड होतं. मुख्याध्यापिका बाईंनी एकदा मला रस्त्यात गाठून, "तुमच्या मेव्हण्यांना काही दुखणंबिखणं आहे का हो?" असं अगदी काळजीनं विचारलं होतं.

त्याच मुलींना घेऊन तो नाच बसवायचा. पण नाच आधी तयार व्हायचा माझ्यावर. रोज सकाळी साडेसहाला, ऑफिसच्या आधी, आणि सुट्टीच्या दिवशी भर दुपारीसुद्धा, गच्चीवर. मी मोजणी खात्यातला माणूस. आयुष्यभर शेतांच्या बांधांवरून साखळी ओढत चाललेलो, पोट सुटलेलं, पायाचे तळवे सपाट. "अरे, तुझ्या शाळेत साठ मुली आहेत, त्यांना सोडून माझ्या जिवावर का उठलास?" असं मी त्याला हजारदा विचारलं असेल. एकदाच त्यानं उत्तर दिलं. "मुली सगळं सुंदर करतात, दाजी. तुम्ही करत नाही. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा नुसतं पाऊल टाकता." याला स्तुती म्हणायचं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यातून गच्ची आमच्या एकट्याची नव्हती. उन्हाळ्यात घरमालकीणबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, तिथं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत धोतरं अंथरलेली, त्यावर ओले बिबडे, आणि मधल्या वीतभर जागेतून मी हात पसरून तिरका चालतोय. जिन्यातून अक्का ओरडायच्या, "ओ साहेब, नाचा पाहिजे तेवढं, पण मना बिबडास्वर पाय नका देऊ!" मेव्हण्याला ही अडचण इतकी आवडली की पुढं बिबडे संपले तरी त्यानं माझी ती तिरकी चाल बदलू दिली नाही.

अकरा वर्षांत त्यानं सात नाच रचले. त्यांना तो नाच म्हणत नसे, 'काम' म्हणत असे. एका कामासाठी त्यानं कापसाच्या जिनिंगच्या यंत्राचा घरघराट टेप करून आणला, आणि तो माझ्या आवडत्या नाट्यगीतांच्या कॅसेटवर केला. आजही ती कॅसेट लावली की एक तान अर्ध्यात तुटते आणि पुढं अर्धा तास सरकी निघत राहते. दुसऱ्या एका कामासाठी तो मला रजा काढायला लावून तीन दिवस सावद्याला घेऊन गेला. तिथं केळीचे घड डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत जाणारी माणसं आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहिली. मग 'घड' तयार झालं. सात मुली डोक्यावर काहीही न घेता चालतात, आणि ओझं फक्त मानेत दिसतं. सावद्यालाच त्याचा प्रयोग झाला. व्यापारी मंडळी मधूनच उठून गेली. शेवटी एक हमाल विंगेत आला आणि मेव्हण्याच्या मानेला हात लावून म्हणाला, "भाऊ, घड असा नाही राहत. दांडा मांगे पाहिजे. पुढे राहिला तं मान मोडते." दुसरा कुणी असता तर "बरं" म्हणून मोकळा झाला असता. यानं त्या माणसाला वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं 'घड' पुन्हा माझ्यावर सुरू केलं. दांडा मागे गेला आणि माझी मान महिनाभर अवघडली. साहेब विचारायचे काय झालं, तर सांगणार काय?

पण कळस झाला तो धुळ्याला. कामाचं नाव 'स्टँड'. अकरा मुली हातात पिशव्या घेऊन एसटीची वाट पाहत उभ्या राहतात. नऊ मिनिटं. गाणं नाही, वाजवणं नाही, गाडीही येत नाही. तिथल्या एका शाळेच्या मैदानावर उघडा रंगमंच होता आणि मैदानाला लागूनच खरा एसटी स्टँड. दोन मिनिटांतच लोक चुळबुळायला लागले, कुणीतरी "टेप बिघडला का?" म्हणून ओरडलं. इतक्यात बाजूच्या पायऱ्यांवरून धोतर नेसलेले एक आबा हातात थैली घेऊन थेट रंगमंचावर चढले आणि पहिल्या मुलीला म्हणाले, "बाई, चोपडानी गाडी लागनी का?" मुलींना बोलायची बंदी. घाबरून अकराच्या अकरा जणींनी माना रस्त्याकडे वळवल्या. आबांनीही वळवली. मग त्यांनी थैली खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ते बारावे म्हणून उभे राहिले. मैदान हसून लोटपोट झालं. मी त्यांना खाली आणायला धावलो तर मेव्हण्यानं माझं मनगट धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "हात लावू नका त्यांना, दाजी. माझ्या कामात आजवर हेच नव्हतं."

त्या दिवसापासून 'स्टँड'मध्ये आबांचं काम माझ्याकडे आलं. धोतर नेसायचं, चढायचं, विचारायचं, चार मोजेपर्यंत मान रस्त्याकडे वळवायची, थैली ठेवायची. अमळनेर, भुसावळ, एरंडोल, जिथं जिथं कुणी चुकून बोलावलं तिथं मी हे केलं, आणि प्रत्येक वेळी विंगेत आलो की तोच अभिप्राय. "चुकलं, दाजी." शेवटी एकदा माझा तोल गेला. "अरे, मान वळवली, चार मोजले, आणखी काय करू? मान काढून देऊ हातात?" तर शांतपणे म्हणतो, "गाडी येणार नाही हे तुम्हाला माहीत असतं, दाजी. त्यांना माहीत नव्हतं." मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

कशाचीच नोंद ठेवायची नाही, हा त्याचा आणखी एक हट्ट. फोटो नको, लिहिणं नको. नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलेलं, म्हणून मी म्हटलं, प्रत्येकाचं पाऊल कुठं पडतं ते मी कागदावर मोजून देतो. तर म्हणाला, "शेताचा नकाशा असतो. नकाशात पीक असतं का?" मग हळूहळू मुलींची लग्नं झाली, कुणी सुरतला गेली, कुणी नाशिकला. घरोघरी केबल आली, शाळेला गॅदरिंगमध्ये सिनेमाची गाणी हवीशी झाली. आणि ज्या वर्षी त्याला कुणीच बोलावलं नाही, त्याच वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हा तो पुरता पस्तीसचाही नव्हता. दवाखान्यातून घरी आणला, मधल्या खोलीत खाट टाकली. एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. जड जिभेनं तो म्हणाला, "दाजी, 'घड' कसं सुरू होतं? मला आठवत नाही. सगळं गेलं." त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

मी बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि 'घड' सुरू केलं. मला वाटलं होतं पहिली चार पावलं आठवतील. सगळं आठवलं. खरं म्हणजे मला काहीच आठवत नव्हतं, गुडघे आपले आपण चालले होते. त्याच्यावर चिडत, ऑफिसला उशीर होतोय म्हणून करवादत, अकरा वर्षं मी जे केलं होतं ते सगळं माझ्या अंगात जागच्या जागी होतं. मग रोज सकाळी मी एकेक काम करायचो. तो डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या पाटीवर टकटक करायचा. एक टकटक म्हणजे चुकलं. 'स्टँड'च्या दिवशी त्याची बहीण कणकेचे हात धुऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहायची, कारण ते काम एकट्यानं होत नाही. आबांच्या जागी आलो की मी मान वळवायचो, चार मोजायचो, आणि पाटीवर टकटक व्हायची. दोन उन्हाळे हे चाललं. तिसरा त्यानं पाहिला नाही.

गेल्या वर्षी कामासाठी धुळ्याला गेलो होतो. तिथून चोपड्याला मोजणी होती, म्हणून हातात थैली घेऊन स्टँडवर उभा होतो. गाडीचा पत्ता नव्हता. शेजारी एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, चोपडानी गाडी लागनी का?" मी रस्त्याकडे पाहिलं. येईल असं खरंच वाटत होतं मला. मान जाग्यावर आल्यावर कळलं की मी मोजलंच नव्हतं. मी थैली खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बरोबर आलं होतं, आणि बघायला हा माणूस जागेवर नव्हता. जिवंतपणी त्यानं मला पुष्कळ छळलं, पण इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.