पिकअपचं ॲव्हरेज बघायला येवल्यापर्यंत

नाशिक रोडहून सायखेड्याला जायला मी सकाळची पहिली एसटी धरली. पिशवीत पाण्याची बाटली, भाकरीचा डबा, टोपी, टायरची हवा मोजायचं छोटं मीटर आणि तपासायच्या गोष्टींची यादी. प्रवास काही लांबचा नव्हता. सायखेडा ते येवला आणि परत. पण या वेळी मी फिरायला निघाले नव्हते. आमची जुनी डिझेल पिकअप खरोखर किती ॲव्हरेज देते, ते बघायला निघाले होते.

ही पिकअप माझे यजमान सुधीर आणि त्यांचे धाकटे चुलतभाऊ संपत या दोघांची. गाडी संपतभाऊजींकडे सायखेड्याला असते, चालवतातही तेच. येणारं भाडं आणि डिझेलचा खर्च दोघांत निम्मा. कितीतरी वर्षं ती लिटरला अकरा-बारा जायची. हिशेबाचा तक्ता मी ठेवते; त्यात ती या पावसाळ्यापासून नऊवर आली. एकदा सुधीर चिडून बोलून गेले, "नऊ? मग बाकीचं डिझेल जातं कुठं?" ते वाक्य कुणीतरी सायखेड्याला पोचवलं. भाऊजी दिवाळीला आले नाहीत. फराळाचा डबा पाठवला, तो न उघडता परत आला. मग सुधीर गाडी विकायचीच म्हणू लागले. गाडी विकली असती तर संपतभाऊजींवरचा चोरीचा आळ तसाच राहिला असता आणि दोघं पुन्हा कधी बोलले नसते. म्हणून मी म्हटलं, विकायच्या आधी एक फेरी मी करून येते.

चांदोरीच्या पुढे पूल लागला तेव्हा गोदावरीवर धुकं होतं. काठावरच्या बाभळींवर बगळे बसले होते. पलीकडे सायखेडा. छाटणी झालेल्या द्राक्षबागांना नुकती पालवी फुटली होती, पोपटी रंगाची. पिकअप नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर उभी होती, मागे भाऊजींचाच कांदा भरलेला. चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला) शेवटचा माल.

"या वहिनी," भाऊजी म्हणाले. "दादानं तपासणी पाठवली म्हणायची."

"मला कुणी पाठवलं नाही. चहा आहे का?"

"हे ना. साखर मोजून टाकतो, नायतर तिचाबी हिशेब लागायचा."

आतून त्यांची बायको मंदा म्हणाली, "अहो, गप बसा, पाहुणी हे ती." मग मला म्हणाली, "लय मनाला लावून घेतलंय त्यांनी. जेवणावर ध्यान नाय."

चहा पिऊन आम्ही निघालो. उतारावर गाडी आपोआप घरंगळली, एक जोराचा गचका बसला आणि इंजिन लागलं. जुन्या गाडीचे नखरे, असं मी समजले.

चांदोरीजवळ चढावरच्या पंपावर टाकी अगदी झाकणापर्यंत भरून घेतली. मीटरचा आकडा लिहिला. हीच खरी पद्धत : टाकी भरायची, गाडी चालवायची, पुन्हा तेवढीच भरायची आणि जितकं डिझेल बसलं त्यानं किलोमीटरला भागायचं. कंपनीच्या कागदावरचा आकडा नवीकोरी गाडी, रिकामी मागची बाजू आणि मोकळा रस्ता धरून असतो. आमच्या गाडीत यातलं एकही नाही.

निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. तिथं मिसळीसाठी थांबलो. भाऊजींनी गाडी चालूच ठेवली, टपरीसमोरच, धुरासकट. "दोन मिनिटांचं काम," म्हणाले. मिसळ झणझणीत होती, वर मटकीपेक्षा शेव जास्त. दोन मिनिटांची वीस झाली. मी टायरची हवा तपासली. चारही बरोबर. एअर फिल्टर भाऊजींनी चांदोरीच्या पंपावर स्वतःच काढून दाखवला होता, स्वच्छ होता. गाडीखाली वाकून बघितलं, कुठं गळती नाही. यादीतल्या तीन ओळी खोडल्या.

"अजून काय बघायचं राहिलं? माझे खिसे?" भाऊजी म्हणाले.

"खिशात डिझेल ठेवत असाल तर वास आला असता," मी म्हटलं. तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

विंचूर मागे पडल्यावर हिरवळ विरळ झाली. माळ, दगडी बांध, कांद्याच्या रोपांचे चौकोनी वाफे. गाडी एका संथ चालीत जात होती. भाऊजी गाडी छान चालवतात. उगाच ब्रेक नाही, उगाच रेस नाही. येवल्याच्या अलीकडे दोन पंप सोडून ते तिसऱ्यावर थांबले. मी विचारलं तर "इथं बरं पडतं" एवढंच उत्तर. टाकी पुन्हा झाकणापर्यंत भरली. मी रस्त्याकडेला भागाकार केला.

साडेअकरा. भरलेल्या गाडीला, निफाडचा थांबा धरून.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. गाडी साडेअकरा देत असेल, तर नऊ कसे येतात? गाडी निर्दोष ठरली म्हणजे चालवणारा दोषी ठरत होता. भाऊजींनी माझ्या हातातला कागद पाहिला. हिशेब त्यांनाही कळत होता. त्यांनी गाडी पंपासमोरच्या उतारावर सोडली. पुन्हा तोच गचका.

बाजार समितीत ट्रॅक्टर आणि पिकअपची लांब रांग होती. लिलाव सुरू व्हायला अवकाश, म्हणून मी गावात चक्कर मारून आले. एका दारातून मागाची खटखट ऐकू आली. आत एक बाई पैठणीच्या पदरावर मोर विणत होती. "किती झालं आज?" मी विचारलं. तिनं बोटाचं एक पेर दाखवलं. "आणि हे चांगलं झालंय बरं," ती हसून म्हणाली. तिच्याकडे बघून मला थोडं शांत वाटलं.

परत आले तर रांग जेमतेम दोन गाड्या सरकलेली. आमचं इंजिन चालूच. पुढे लिलाव झाला, भाव बरा मिळाला, मग वजनकाट्याची दुसरी रांग. इंजिन चालूच. भाऊजी पावती घ्यायला खाली उतरून गेले. ऊन चढलं होतं, मागच्या ट्रॅक्टरचा धूर खिडकीतून आत येत होता आणि आमचा त्यात भर घालत होता. मी हात लांब केला आणि चावी फिरवून गाडी बंद केली.

भाऊजी पावती तिथंच टाकून धावत आले.

"वहिनी! बंद केली?"

"मग काय झालं? लावा परत."

त्यांनी चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. तेवढ्यात पुढची रांग हलली आणि मागून हॉर्न सुरू झाले.

"ओ पिकअपवाले, मुक्कामाला आले का?" मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला.

"अंथरूण टाकून द्या रे त्यांला!" आणखी एक.

शेवटी तेच ट्रॅक्टरवाले खाली उतरले. पाच-सहा जणांनी खांदा लावला, मीही पदर खोचून मागे लागले. कांद्यानं भरलेली गाडी इंचाइंचानं हलली, मग एकदम गचका खाऊन सुरू झाली. "वहिनींमुळं लागली बरं का!" ट्रॅक्टरवाला म्हणाला आणि सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. मान खाली घालून स्टिअरिंग धरून बसले.

"स्टार्टर कधीपासून गेलाय?" मी शेजारी बसत विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"म्हणून गाडी उतारावर लावता. म्हणून तो तिसरा पंप."

"त्याच्या पुढं उतार हे."

"आणि इथं?"

"इथं सपाट. एकदा बंद पडली व्हती, सगळ्या रांगेनं शिव्या घातल्या. तवापासून रांगेत लागलो की खळ्यावर (व्यापाऱ्याच्या आवारात) खाली होईस्तोवर बंदच करत नाय. कधी तीन तास, कधी चार."

"मग बोलला का नाहीत?"

"क्लचचं काम निघालं तवा दादा काय म्हणला व्हता? 'आता पुढचं मोठं काम निघालं की गाडी काढून टाकू.' वहिनी, शेतात भागत नाय. या गाडीच्या भाड्यावर माझं घर चालतं. चोर म्हणला तरी चालंल, पण गाडी ऱ्हाऊ दे, असं म्हणलं मनाला."

मी डबा उघडून अर्धी भाकरी त्यांच्यापुढे केली. दिवाळीचा डबा परत आला होता, ही भाकरी त्यांनी घेतली.

माल उतरवून आम्ही पुन्हा त्याच उताराच्या पंपावर गेलो. सकाळी इथं टाकी भरल्यापासून गाडी गावातल्या गावातच फिरली होती, जेमतेम तीन किलोमीटर. टाकीत अडीच लिटरहून जास्त डिझेल बसलं. भागाकाराची गरजच नव्हती. ते सगळं उभ्याउभ्या जळालं होतं. छातीवरचं ओझं असं उतरलं की मी पंपावरच मोठ्यानं हसले. लगेच सुधीरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, डिझेल सापडलं. रांगेत त्याचा धूर झालाय." मी सगळं सांगितलं.

सुधीरनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "संपत आहे का तिथं? संपत, मला सांगायचं ना रे."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, दादा?"

"विकली असती."

"मंग?"

सुधीरना हसू आवरलं नाही. नंतर म्हणाले, "मी बोललो ते चुकलंच."

"मीबी लपवायला नको व्हतं."

"उद्या गाडी नाशिक रोडला आण. आपण दोघं गॅरेजला जाऊ."

"विकायला?"

"स्टार्टर बसवायला, गाढवा!"

गाढवा ऐकून भाऊजींनी डोळे पुसले आणि धुळीला नावं ठेवली.

परतीचा रस्ता तोच होता, पण भाऊजी विंचूरपासून सायखेड्यापर्यंत बोलतच होते. मंदाची गुडघेदुखी, द्राक्षाचे घड, पुलावरची वाहतूक. घरी पोचल्यावर मी माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवला : गाडी चालू ठेवून किती वेळ उभी होती. आजवर आम्ही धावलेल्या किलोमीटरवरच गाडीचा आणि माणसाचा निवाडा करत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं भाऊ गॅरेजमधून परत आले. सुधीर आधी वर आले. खाली, आमच्या बिल्डिंगसमोरच्या सपाट रस्त्यावर, भाऊजींनी गाडी बंद केली. लगेच चावी फिरवली, लागली. बंद केली. पुन्हा लावली. समोरच्या गॅलरीत लोक जमले.

"अरे पुरे, डिझेल जाळतोस का सगळं!" सुधीर खिडकीतून ओरडले.

"माझ्या वाट्याचं जाळतोय, दादा!" खालून उत्तर आलं. त्यांनी आणखी एकदा लावून दाखवली, बंद केली आणि चावी बोटाभोवती फिरवत जिना चढले.