दुरून आलेला सूर

मी क्लॅरनेट तोंडापासून बाजूला केली आणि आत्याबाईंनी माईकवर पाणी शिंपडलं.

तांब्यात बोटं बुडवून शिंपडलं. आधी मी उभा होतो त्या जागेवर, मग माईकवर. तव्यावर थेंब पडावा तसा चर्र आवाज झाला आणि माईक मेला. मुंबईहून आलेला रेकॉर्डिंगचा साहेब कानावरचं यंत्र फेकून धावत आला. त्याला काही कळेना. हे काय केलं माताजी, असं तो हिंदीत विचारू लागला. आत्याबाई शांत होत्या. पूजा आटोपल्यासारखा त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"बाटलं होतं ते," त्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर आता आमचा नाना तोंड कसा नेईन?"

त्यांचे भाऊ, भाऊसाहेब, तिथेच खुर्चीवर बसले होते. मोडलेला माईक पाहून ते उठले. मला वाटलं, बहिणीला काही बोलतील. ते माझ्याकडे वळले.

"तुयापायी झालं हे. माफी माग सायबाची."

आणि मी मागितली. क्लॅरनेट काखेत धरून हात जोडले. पाणी मी शिंपडलं नव्हतं, माईक मी मोडला नव्हता, आणि माफी माझी. आज लिहितानाही कानशिलं तापतात. त्या दिवशी मात्र मला राग आला नव्हता. भीती वाटली होती, की आता मला वाजवू देणार नाहीत. मी किती खाली दाबला गेलो होतो ते यावरून समजा.

हे घडलं वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे गावात, भाऊसाहेबांच्या जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, तिथल्या रुईच्या गोदामात. चौपन्न-पंचावन्नचा हिवाळा असेल. भाऊसाहेब आमच्या भागातले मालगुजार, म्हणजे गावाचे धनी. सरकारने मालगुजारी काढून घेतली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गाव गेलं तर त्यांनी जिन घातला, आणि गावातल्या बाया-माणसं तिथे कामाला आली. म्हणजे राज्य तेच राहिलं, फक्त त्याला पत्र्याचं छप्पर आलं. त्यांचा मुलगा नाना भावगीतं गायचा. गळा गोड होता, खोटं बोलणार नाही. मुंबईच्या एका कंपनीला त्याची रेकॉर्ड काढायची होती आणि साहेब यंत्र घेऊन थेट सिंदीला उतरला होता.

बंगल्याच्या दिवाणखान्यात आवाज घुमत होता. साहेबाने सगळीकडे टाळ्या वाजवत फिरून पाहिलं आणि रुईचं गोदाम पसंत केलं. छपरापर्यंत गाठी रचलेल्या. आवाज गाठींत जाऊन मुरायचा, परत येत नसे. मुंबईतही अशी जागा मिळत नाही, असं तो म्हणाला. ती रुई माझ्या आईने आणि तिच्यासारख्या बायांनी निवडलेली होती. आमच्या हातची रुई त्यांच्या गाद्यांत जायची, उशांत जायची, देवापुढच्या वातीत जायची. ती बाटत नसे. बाटायचा तो माझा श्वास.

मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचो. बाप सनई वाजवायचा, गावच्या दारोदार, उभ्या उभ्या. तोंडाने फुंकायचं वाद्य म्हणजे उष्टं वाद्य, म्हणून ते आमच्याकडे. चामड्याचं वाद्य म्हणजे मेलेल्या ढोराचं, म्हणून तेही आमच्याकडे. गाणं त्यांचं, फुंक आमची. क्लॅरनेट मला कामठीच्या एका ख्रिस्ती मास्तरांनी शिकवली. लढाईच्या काळात ते कलकत्त्याच्या हॉटेलात गोऱ्यांच्या नाचाला वाजवत. तिथे अमेरिकेचे काळे शिपाई यायचे. त्यांच्याजवळ त्यांच्या जॅझच्या रेकॉर्डी असायच्या. मास्तर त्या ऐकून ऐकून सूर ओढायला शिकले. खालच्या सुरावरून वरच्या सुरावर उडी मारायची नाही. घसरत, रेंगाळत, विहिरीतून बादली ओढावी तसं वर यायचं. मास्तर सांगायचे, त्या रेकॉर्डींवरही पुष्कळदा वाजवणारे काळे असत आणि वरचं नाव गोऱ्याचं असे. मी तेव्हा हसलो होतो. मला वाटलं होतं, ही अमेरिकेची गोष्ट आहे.

तो ओढलेला सूर मी एका लग्नात वाजवला आणि नानाने ऐकला. त्याला गाण्याच्या सुरुवातीला तोच हवा होता. म्हणून मला बोलावणं आलं.

सकाळी मला गोदामाच्या दाराबाहेर उभं केलं होतं. पेटी, तबला, व्हायोलिन आत. माझा आवाज आत पोचेना. साहेब चिडला, बाहेर आला, दंडाला धरून त्याने मला आत नेलं आणि नानाच्या शेजारी माईकपुढे उभं केलं. कोणी मला धरून आत नेऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. आजवर मला बाहेर हाकलायलाही कोणी हात लावत नव्हतं, काठी लावायचे. आम्ही एकदा गाणं म्हणून पाहिलं. फार चांगलं झालं. त्यानंतर आत्याबाई उठल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

साहेबाजवळ दुसरा माईक होता. पण आता भाऊसाहेबांनी अट घातली. मी आत राहायचं, पण लांब, कोपऱ्यात, आणि तोंड भिंतीकडे करून वाजवायचं. माझी फुंक नानाच्या अंगावर यायला नको. साहेबाला संध्याकाळची गाडी पकडायची होती. तो दुसरा माईक जोडू लागला.

मी गेलो कोपऱ्यात. समोर रुईच्या गाठी, पाठीमागे सगळी मंडळी. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहिलो. नानाला मी पाहू शकत नव्हतो, तबलजीची मान दिसत नव्हती. कानावर हवाला ठेवून वाजवलं. सूर गाठींत शिरायचा आणि त्यातून जेवढा उरेल तेवढा माईकपर्यंत जायचा. तशीच रेकॉर्ड निघाली.

आणि काय सांगू, ती चालली. नागपूरला, अमरावतीला, वर्ध्याच्या दुकानादुकानांत. लोक नानाच्या गाण्याआधी तो सूर गुणगुणायचे. पेपरात कोणी तरी लिहिलं की सुरुवातीची क्लॅरनेट फार दुरून, डोंगरापलीकडून आल्यासारखी वाटते आणि त्यातच सगळी जादू आहे. शाळेच्या एका मास्तराने मला ते वाचून दाखवलं. डोंगर कसला? आत्याबाईंचा तांब्या होता मधे. त्यांनी मला जितकं लांब उभं केलं तितकं लोकांना गोड लागलं. आमचा विटाळ त्यांच्या कानाला अत्तर झाला.

रेकॉर्डच्या मधल्या कागदावर नानाचं नाव होतं, कवीचं होतं, कंपनीचं होतं. माझं नव्हतं. पुढच्या दीड-दोन वर्षांत मला नागपूरहून, वर्ध्याहून बोलावणी आली. जो तो म्हणे, तो दुरून येणारा सूर पाहिजे. म्हणजे पुन्हा कोपरा, पुन्हा भिंत. माझी पाठ एवढी प्रसिद्ध झाली, पण तोंड कोणी पाहिलं नाही. आणि मी खूश होतो. बँडवाला रेकॉर्डवाला झाला म्हणून छाती फुगवून हिंडत होतो.

माझे डोळे उघडले ते आईमुळे. सिंदीच्या स्टेशनाबाहेर एका चहाच्या हॉटेलात भोंगा लावलेला होता. आई जिनातून सुटून येत होती, केसांत रुई तशीच. मी तिला मुद्दाम थांबवलं. हॉटेलवाल्याला ती रेकॉर्ड लावायला सांगितली. आई रस्त्यावर उभी राहून ऐकत होती. तिने जन्मभर बापाची सनई ऐकली होती, तिला मी काय ऐकवणार? तरी वाटलं, आता पोराचं कौतुक करेल. गाणं संपलं. तिने मला विचारलं, "एवढ्या दुरून काऊन वाजवलं रे तू?"

मला थाप मारता आली नाही. तांब्या, माफी, कोपरा, भिंत, सगळं सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुढे चालू लागली. मी तिच्या मागे. भोंग्यावर रेकॉर्ड पुन्हा लागली होती. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच सुराची शिसारी आली. त्यात मला जादू ऐकू येईना, मी जोडलेले हात ऐकू येऊ लागले.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात आमची सारी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. परतल्यावर बैठक बसली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, कोणाच्या दारात वाजवायला जायचं नाही, असं ठरलं. मी भीत भीत विचारलं, माझ्या क्लॅरनेटचं काय? आमच्यातले एक म्हातारे सोयरे होते, ते म्हणाले, "वाजवजो. बुद्धाले सुराचं वावडं नाई. पण मान खाली घालून नाई वाजवायचं." त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस जगलो.

त्याच हंगामात जिनाचा मुनीम वस्तीत आला. नानाची दुसरी रेकॉर्ड काढायची होती. साहेब मुंबईहून येऊन बसला होता. मुनीम रस्त्यावरूनच ओरडून गेला, सकाळी ये म्हणून. आईने ऐकलं. ती अजून त्यांच्याच जिनात कामाला होती. घर तिच्या कामावर चालत होतं, बँड तर आम्ही बंद केला होता. मी जाऊन वाजवलं नाही तर तिचं काम जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"जाजो," ती म्हणाली. "पण पाठ करून वाजवजो नको. मायं काम जाईन तर जाऊ दे."

मी गेलो. पांढरा सदरा घालून गेलो. तेच गोदाम, त्याच गाठी. आत्याबाई दाराजवळ, तांब्यासकट. कोपऱ्यात माझी जागा खडूने आखून ठेवली होती. मी तिकडे गेलो नाही. माईकपुढे नानाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. नाना दोन पावलं मागे सरला. एवढं गोड गाणारा माणूस, पण तेवढं त्याला न शिकवता येत होतं.

साहेब धावत आला. याच माणसाने एकदा माझा दंड धरला होता. तो मला समजावू लागला, की या वेळेस जातपात नाही, मी ते मानत नाही, पण रेकॉर्डसाठी तू तिथेच उभा राहा, लोकांना तोच दुरून येणारा आवाज हवा आहे. तो खरं बोलत होता. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. आत्याबाईंच्या पाण्याला निदान पाणी म्हणता येत होतं. याने त्याला कला म्हटलं. मला उभं करण्याची जागा तीच, फक्त कारण शिकलेलं.

मी सांगितलं, मी इथे उभा राहून वाजवीन, माईकपुढे, आणि रेकॉर्डवर माझं नाव टाका. एवढंच सांगितलं. आवाज चढवला नाही. भाऊसाहेब मोठ्याने हसले.

"गाडीवर कधी बैलाचं नाव लिहितेत का बे?"

गोदामातले सगळे हसले. तबलजी हसला, व्हायोलिनवाला हसला. त्यांचीही नावं रेकॉर्डवर नव्हती, हे त्या मूर्खांच्या ध्यानात आलं नाही. बैलाशिवाय गाडी हाकून पाहा, हे मला घरी जाताना सुचलं. तिथे मी फक्त एवढंच म्हणालो, "मी वाजवत नाई."

मग मी क्लॅरनेट खोलली. सावकाश, सगळ्यांसमोर. फुंकायची पत्ती काढली, सदऱ्याला पुसली. तोंडाचा तुकडा काढला, मग वरचा, मग खालचा, शेवटी भोंगा. एकेक तुकडा पुसून पेटीत ठेवला. कोणी हसत नव्हतं आता. भाऊसाहेब मुनिमाला सांगत होते, याच्या मायले उद्यापासून आत घेऊ नको. मी ऐकलं. पेटीची कडी लावली आणि आत्याबाईंच्या समोरून बाहेर आलो. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली होती. शिंपडा म्हटलं मनात, तुमचंच गोदाम भिजेल.

आईचं काम गेलं. ती हिंगणीकडे लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली, सकाळचं अंधारात निघायचं आणि दिवे लागल्यावर परत यायचं. पायांना भेगा पडल्या. मी गवंड्याच्या हाताखाली गेलो. मला पुन्हा कोणी रेकॉर्डला बोलावलं नाही, बातमी सगळीकडे पोचली होती. नानाची दुसरी रेकॉर्ड निघाली, व्हायोलिन लावून. ती कोणाला आठवत नाही. याचा मला आनंद झाला, लपवत नाही. पण त्या आनंदावर चूल पेटत नव्हती. आईने मात्र एकदाही मला दोष दिला नाही.

वस्तीत लग्न असलं की मी वाजवायचो. लोकांकडे तोंड करून, मांडवाच्या मधोमध. आई पुढे बसायची. तोच ओढलेला सूर मी तिथे वाजवला, तेव्हा तो डोंगरापलीकडून आल्यासारखा वाटला नाही. जवळून, भसाडा, थुंकीसकट आला. मला तोच आवडतो.

पहिली रेकॉर्ड अजून वाजते. परवा नानाच्या घरचा एक तरुण मला शोधत आला. गाण्याचा काही तरी समारंभ आहे, म्हणाला, स्टेजवर खुर्ची देऊ, शाल देऊ, तो सूर तेवढा एकदा वाजवा. नाव सांगा, पत्रिकेत छापतो. मी विचारलं, रेकॉर्डवर छापाल का? तो गोंधळला. ती तर केव्हाच छापून झाली, आजोबा, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि रस्ता दाखवला.

हे वाचून तुम्हीही विचाराल, नाव काय? सांगणार नाही. माझं नाव लिहायची एकच जागा आहे, त्या काळ्या तबकडीच्या मधल्या कागदावर, नानाच्या नावाच्या ओळीत. आधी तिथे लिहा. तोवर मी कोणाच्या मागे उभा राहून वाजवणार नाही, आणि भिंतीकडे तोंड करून तर मेलो तरी नाही.