कानाला सवय

कुणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी दाराकडं बघते. दार उघडं असलं तर ऐकून घेते, बंद असलं तर उठते. या स्वभावापायी एकदा नोकरी जायची वेळ आली होती. कोल्हापुरात एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायची. तीन वर्षांत मालकांनी कधी चहा विचारला नव्हता, आणि एक दिवस म्हणाले, "ताई, जरा आत या, चहा घेऊ." मी पिशवी उचलली, मागच्या दारानं बाहेर पडले आणि एसटी धरून थेट कबनूरला घरी आले. पगार वाढवायचा होता म्हणे. आठवडाभर माझा त्यावरही विश्वास बसला नाही.

त्या पळण्यामुळं मी तेविसाव्या वर्षी एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. त्यांनी ठोकळे रचायला दिले, माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. एका फोटोत एक बाई हसत होती. "हिला काय वाटत असेल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हिला माझ्याकडून काहीतरी हवंय." त्यांनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरांचं अक्षर ते.

चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, "तुम्ही ऑटिस्टिक आहात. जन्मापासूनच. आवाजाचा त्रास का होतो, ते त्यातून कळतं. पण हसणाऱ्या माणसाची इतकी भीती कुठून आली, ते नाही कळत. पुढच्या वेळी घरचं कुणीतरी घेऊन या."

भीती कुठून आली ते मला ठाऊक होतं.

आमच्या गल्लीत घराघराला लागून यंत्रमाग. पोरं त्या खडखडाटात झोपायची, आणि लाईट गेली, माग थांबले की जागी व्हायची. मी उलटी. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, मी पाच वर्षांची. माग सुरू झाले की कानात बोटं घालून भिंतीवर कपाळ आपटायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात चार माग सांभाळायचे. लोक त्यांना अडवून विचारत, "मागवाल्याची पोर आणि मागाला भितीया व्हय?"

आप्पांकडं त्यावर धंद्यातलाच इलाज होता. नवा कामगार आला की पंधरा दिवस त्याचं डोकं ठणकतं, मग कान तयार होतो. तसाच माझाही करायचा. रोज शाळा सुटली की ते हसत म्हणायचे, "चल बाळ, चिक्की देतो." चिक्की द्यायचेही. आणि मग दोन मागांच्या मधे सुताच्या पोत्यावर तासभर बसवायचे. मी किंचाळायची, पण कारखान्यात किंचाळणं कुणाला ऐकू जाणार? दोनदा पोत्यावरच शू झाली. महिनाभरानं मी किंचाळायची थांबले. आप्पांनी गल्लीभर सांगितलं, झाली सवय. तरीही पुढं दोन वर्षं ते मला नेत राहिले.

सवय कसली डोंबलाची. आवाज तितकाच लागत होता, मी फक्त गप्प झाले होते. आणि त्या दिवसापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: हे आप्पांना कळत होतं का? कळत नसेल तर बिचाऱ्यानं मायेनं केलं. कळत असेल तर? जेवताना, टीव्ही बघताना मी त्यांचा चेहरा चोरासारखी न्याहाळायची. कधी थांग लागला नाही.

पुढच्या भेटीला आप्पाच आले, इस्त्रीचा सदरा घालून. मागांनी त्यांचे कान तोवर पार निकामी केले होते, त्यामुळं डॉक्टरीणबाईंना प्रश्न ओरडून विचारावे लागत होते. लहानपणी काही मार, भीती? "न्हाय, लई लाडात वाढीवली." मी म्हटलं, कारखान्याचं सांगा. "ते व्हय? ते औषध म्हणून. कान तयार झाला की तिचा."

बाईंनी त्यांना समजावलं की अशा मुलांच्या कानाला सवय होत नाही. फार दिवस घाबरलेला मेंदू पहाऱ्याला बसतो तो बसतोच, धोका गेल्यावरही उठत नाही. मी विचारलं, यातलं जन्माचं किती आणि त्या पोत्यावरचं किती? "ते वेगळं करून नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, म्हणून मला पटलं.

परतीच्या एसटीत मी आप्पांना विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, इतक्या मोठ्यांदा की कंडक्टरही वळला. "आप्पा, मी गप झाले, तवा मला सवय झाली न्हाई, हे तुमास्नी कळत हुतं का?"

ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कळत हुतं. उचलून घेतली की लाकडागत लागायचीस."

"मग नेत का हुता?"

"गप झालतीस की. लोकं इचारायची बंद झालती."

माझा संशय खरा निघाला. अठरा वर्षं मी तो जपला होता, आणि गाडीत त्यांच्या शेजारी बसून मला पहिल्यांदाच वाटलं, यात माझं चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.